एसयूव्हीला बाहेरची अलॉय चाके बसवायची आहेत. हवेच्या दाबाच्या सेन्सरांचे काय करावे?

सुकाणू (प्रश्न)

नमस्कार. माझ्या एसयूव्हीला सध्या कंपनीने दिलेली सतरा इंची चाके आहेत आणि त्यांवर २३५/६५ आर१७, १०८ एक्सएल या मापाचे टायर आहेत (१०८ हा भारांक, म्हणजे टायर किती भार पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, आणि एक्सएल म्हणजे जादा भाराची बनावट). टायर झिजून बदलायला आलेच आहेत, तेव्हा त्याच खर्चाच्या ओघात अठरा इंची अलॉय चाके आणि २५५/५५ आर१८ टायर घ्यावेत असे मनात आहे. जुनी चाके मात्र मोडीत काढायची नाहीत. त्यांवर जाड नक्षीचे टायर चढवून खडबडीत रस्त्यांच्या प्रवासासाठी तो संच राखून ठेवायचा आहे.

गाडी सहा वर्षांची आहे आणि डॅशबोर्डवर चारही टायरांतील हवेचा दाब स्वतंत्र आकड्यात दिसतो. अडचण इथेच सुरू होते. एका टायरवाल्याचे म्हणणे असे की जुन्या चाकांतले सेन्सर काढून नव्यात बसवता येतील, त्यात काही विशेष नाही. दुसरा म्हणतो की सहा वर्षांचे सेन्सर पुन्हा बसवणे म्हणजे पैसे वाया घालवणे, नवेच घ्या. तिसऱ्याने तर नव्या चाकांना साधे रबरी व्हॉल्व्ह लावा आणि डॅशबोर्डवरच्या पिवळ्या दिव्याकडे दुर्लक्ष करा, असा सल्ला दिला.

बाजारातल्या कोणत्याही रिममध्ये हे सेन्सर नीट बसतात का, नवे घेतल्यास गाडी ते आपोआप ओळखते की तिला शिकवावे लागते, आणि वर्षातून काही वेळा दोन संचांची अदलाबदल करायची असेल तर सोयीचा मार्ग कोणता, हे जाणकारांनी सांगावे. चाकांच्या मापाविषयी काही धोका दिसत असेल तर तेही जरूर लिहावे. मी पाहत असलेले रिम आठ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधील अंतर) ३५ चे आहेत; मूळचे सात इंच रुंद आणि ऑफसेट ४५ चे आहेत.

हवापाणी

दाब चार स्वतंत्र आकड्यांत दिसतो, त्याअर्थी तुमच्या गाडीत थेट पद्धतीची यंत्रणा आहे आणि प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी, एक सेन्सर आहे. हे आधी स्पष्ट केले, कारण अनेक गाड्यांत दुसरी, अप्रत्यक्ष पद्धत असते. तिच्यात चाकात काहीच नसते. एबीएससाठी, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेसाठी, चाकांचा वेग मोजणारे जे सेन्सर हबजवळ (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाजवळ) असतात, त्यांच्याच आकड्यांवरून कोणते चाक इतरांपेक्षा जलद फिरते आहे हे ताडले जाते, कारण हवा कमी झालेल्या टायरची फिरती त्रिज्या किंचित घटते. अशा गाडीला नवी चाके लावल्यावर हवा बरोबर भरून मेनूतून यंत्रणा रीसेट केली की काम संपते. हा प्रश्न वाचणाऱ्या इतरांनी आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे प्रथम पाहावे, म्हणजे नसती खरेदी टळेल.

आता तुमच्या गाडीविषयी. सेन्सरमधील बॅटरी राळेत कायमची बंद केलेली असते, ती बदलता येत नाही आणि तिचे आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षे धरतात. सहा वर्षांचा सेन्सर उद्याच बंद पडेल असे नाही, पण नव्या टायरचे आयुष्य संपण्याआधी तो बंद पडण्याची शक्यता बरीच आहे, आणि तसे झाले तर त्या एका सेन्सरसाठी टायर उतरवणे, चढवणे आणि बॅलन्सिंग हे सगळे पुन्हा करावे लागते. दुसऱ्या टायरवाल्याच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढ्यापुरते. मात्र तुम्हाला दोन संच ठेवायचे असल्याने हा वाद मुळात उद्भवतच नाही. जुने सेन्सर जुन्या चाकांतच राहू द्या आणि अठरा इंची चाकांसाठी चार नवे घ्या. जुन्या चाकांवर दुसरे टायर चढवताना तपासणी यंत्राने प्रत्येक सेन्सर वाचून घ्या. हे यंत्र चाकाजवळ धरले की १२५ किलोहर्ट्झच्या संकेताने झोपलेला सेन्सर जागा होतो आणि आपला क्रमांक, दाब, तापमान आणि बहुतेक वेळा बॅटरीची स्थितीही कळवतो. बॅटरी ठीक असल्याचे उत्तर आजपुरतेच खरे असते, हे लक्षात ठेवावे. कडाक्याच्या थंडीत सकाळी एखादे चाक मधूनच दिसेनासे होऊ लागले, तर बॅटरी शेवटाला आली असे समजावे.

नवे सेन्सर घेताना पहिली तपासणी रेडिओ वारंवारतेची. काही बाजारपेठांतील गाड्यांत ३१५ मेगाहर्ट्झ चालते, तर काहींत ४३३.९२ मेगाहर्ट्झ, आणि एकाच कंपनीचे एकच मॉडेल दोन देशांत दोन वेगळ्या वारंवारतांवर विकले गेलेले असू शकते. वारंवारता चुकली तर तो सेन्सर निर्दोष असूनही तुमच्या गाडीला ऐकू येणार नाही. ती बहुधा सेन्सरच्या कवचावर छापलेली असते, तेव्हा जुना टायर उतरवला की आतल्या सेन्सरचा फोटो काढून ठेवा. दुकानात 'सगळ्या गाड्यांना चालतो' म्हणून जो सेन्सर मिळतो, तो प्रत्यक्षात कोरा असतो. तुमच्या गाडीचे मॉडेल आणि वर्ष निवडून त्यात प्रोग्रॅम भरावा लागतो. हे काम टायर चढवण्याच्या आधी करून घ्यावे, कारण प्रोग्रॅम बसला नाही तर सेन्सर हातात असलेला बरा.

दुसरी तपासणी रिमची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त घाई होते ती इथेच. व्हॉल्व्हचे भोक बहुतेक प्रवासी गाड्यांच्या रिमला ११.३ मिलिमीटरचे असते, त्यामुळे भोकाचे माप सहसा आडवे येत नाही. आडवा येतो तो कोन. मूळ रिम आणि सेन्सर एकमेकांसाठी आखलेले असतात. बाहेरच्या रिममध्ये व्हॉल्व्हचे भोक वेगळ्या तिरकसपणाने पाडलेले असू शकते आणि रिमच्या मधल्या खोलगट भागाचा आकारही निराळा असतो. म्हणून टायर चढवण्यापूर्वी उघड्या रिममध्ये एक सेन्सर बसवून बाजूने नीट पाहा. सेन्सरचा डबा खोलगट भागात टेकलेला हवा. तो अधांतरी राहता कामा नये, आणि नट आवळल्यावर रिमवर दाबला जाऊन वाकताही कामा नये. मग रिमच्या दोन्ही कडांच्या आतील उंचवट्यांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा. डब्याचा कोणताही भाग त्या पट्टीला लागत असेल, तर टायर चढताना किंवा उतरताना टायरची बीड, म्हणजे रिमला धरून बसणारी त्याची घट्ट कड, त्यावरून जाईल आणि सेन्सर फुटेल. काही सेन्सरांत डबा आणि व्हॉल्व्ह यांतला कोन बदलता येतो. बाहेरच्या रिमसाठी तसेच घ्यावेत.

व्हॉल्व्ह धातूचा आणि नटाने आवळायचा असेल, तर नटाला टॉर्क अगदी थोडा लागतो. बनावटीनुसार तो साधारण चार ते आठ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो आणि नेमका आकडा सेन्सरच्या वेष्टनावर दिलेला असतो. हाताच्या अंदाजाने आवळणाऱ्याकडून व्हॉल्व्ह मोडतो किंवा रबरी गॅस्केट चिरडून हवा झिरपू लागते. व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवून धरणारी पिन निकेलचा मुलामा असलेलीच घ्यावी. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातली, की ओलाव्यामुळे दोन धातूंमध्ये गंज धरतो. त्याची खूण म्हणजे टोपणाच्या आट्यांत साचलेली पांढरी भुकटी. पुढे ती पिन काढायला गेले, की पिनेबरोबर व्हॉल्व्हचा दांडाच तुटून हातात येतो. याच कारणाने चकचकीत धातूची टोपणे लावण्याचा मोह टाळावा. सोबत आलेले प्लास्टिकचे टोपण दिसायला सामान्य असले तरी तेच योग्य.

त्रिज्या

हवापाणी यांनी सेन्सरांचा भाग नीट मांडला आहे, पण सुकाणू यांनी शेवटच्या वाक्यात लिहिलेले रिमचे आकडे मला अधिक महत्त्वाचे वाटतात. चाकच गाडीला योग्य नसेल, तर त्यातला सेन्सर कितीही अचूक असला तरी उपयोग काय?

टायरच्या मापापुरती तुमची निवड चांगली आहे. २३५/६५ आर१७ चा बाहेरचा व्यास ७३७.३ मिलिमीटर येतो आणि २५५/५५ आर१८ चा ७३७.७, म्हणजे वेगमापक, एबीएस आणि गिअरबॉक्स यांना काही बदलल्याचे जाणवणारही नाही. टायरच्या भिंतीची उंची मात्र साडेबारा मिलिमीटरने घटते, तेव्हा खड्ड्यांचा दणका थोडा अधिक जाणवेल आणि रिमला मार बसण्याची शक्यताही तेवढी वाढेल. भारांक मूळच्या १०८ पेक्षा कमी घेऊ नये. १०८ म्हणजे एका टायरला १००० किलो. २५५/५५ आर१८ मध्ये १०९ एक्सएल मिळतो, तो १०३० किलोचा. याच मापात १०५ चाही टायर मिळतो, जो ९२५ किलोचाच असतो, आणि दुकानात साठ्यात तोच असेल तर तोच पुढे केला जातो. म्हणून टायरच्या बाजूवरचा आकडा स्वतः वाचावा.

भारक्षमता रिमलाही असते, याचा बहुतेकांना विसर पडतो. ती रिमच्या मागच्या बाजूला किंवा हबजवळच्या भागात किलोमध्ये कोरलेली असते. गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर पुढच्या आणि मागच्या आसाचा कमाल भार दिलेला असतो. त्यांतला मोठा आकडा घेऊन त्याच्या निम्म्याहून रिमची क्षमता कमी असता कामा नये. छोट्या मोटारींसाठी ओतलेले देखणे रिम एसयूव्हीला नटांच्या मापाने बसतात खरे, पण भाराच्या मापाने बसत नाहीत. अशा रिमवर काहीही कोरलेले नसेल तर ते घेऊच नये, इतके माझे मत स्पष्ट आहे.

आता ऑफसेट. रिम एक इंचाने रुंद झाला म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर वाढले. ऑफसेट ४५ वरून ३५ वर आल्याने सगळे चाक १० मिलिमीटर बाहेर सरकले. म्हणजे बाहेरची कड २२.७ मिलिमीटर बाहेर येईल आणि आतली कड फक्त २.७ मिलिमीटर आत जाईल. आत सस्पेन्शनला घासण्याची भीती त्यामुळे जवळजवळ नाही. प्रश्न बाहेरचा आहे. चाक चिखलरोधकाच्या कडेबाहेर येते का, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी भाराने दबली असता टायर कुठे लागतो का, हे एक चाक बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चाक इतके बाहेर आले की व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टिअरिंग अधिक ओढले जाते. आठ इंची रिम ४० किंवा ४२ ऑफसेटमध्ये मिळत असेल तर मी तोच घेईन.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. नटांच्या भोकांची संख्या आणि पीसीडी, म्हणजे ती भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, तंतोतंत जुळायला हवी, तिथे जवळपासचे माप चालत नाही. मधले भोक हबपेक्षा मोठे असेल, उदाहरणार्थ हब ६७.१ आणि रिम ७३.१ मिलिमीटर, तर त्या मापाची हब रिंग घालावी. नाहीतर बॅलन्सिंग करूनही ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत राहील. नटांची बैठक पाहायला विसरू नका. मूळ नट गोलाकार किंवा सपाट बैठकीचे असतील आणि नव्या रिमला साठ अंशांची शंकूची बैठक असेल, तर जुने नट आवळल्यासारखे वाटतील, पण धरणार नाहीत.

सुकाणू

दोघांचेही मनापासून आभार. भारांकाचा आणि रिमवरच्या कोरीव आकड्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ४० ऑफसेटचे रिम शोधतो.

सेन्सरांबाबत एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. दुकानदार म्हणतो की नव्या सेन्सरांत जुन्यांचेच क्रमांक भरून देतो, म्हणजे गाडीला चाके बदलल्याचे कळणारही नाही आणि पुन्हा काही शिकवावे लागणार नाही. ऐकायला हे उत्तम वाटते. यात काही खोट आहे का? शिवाय माझी स्टेपनी सतरा इंचीच आहे, आणि तिच्यातही सेन्सर आहे असे गाडीच्या पुस्तिकेवरून दिसते.

पान्हेवाला

दुकानदार खोटे बोलत नाही. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी आपल्या स्मृतीतल्या क्रमांकांचेच संकेत ऐकते, बाकीचे सोडून देते. शेजारून जाणाऱ्या गाडीच्या टायरचा दाब तुमच्या पडद्यावर येत नाही तो यामुळेच. कोऱ्या सेन्सरमध्ये जुनाच क्रमांक लिहिला, तर गाडीच्या दृष्टीने तो जुनाच सेन्सर असतो. ज्या गाडीच्या स्मृतीत एकाच संचाची जागा आहे आणि नवे क्रमांक भरायला दर वेळी गाडीच्या संगणकाला निदान यंत्र (डायग्नोस्टिक टूल) जोडावे लागते, अशा गाडीसाठी ही नक्कल फार सोयीची आहे.

तरीही तुमच्या बाबतीत मी ती सुचवणार नाही, आणि त्याचे कारण तुम्ही स्वतःच लिहिले आहे. स्टेपनी सतरा इंची आहे. टायरांची झीज सारखी राहावी म्हणून सतरा इंची चाकांची फिरवाफिरव झाली, की आज स्टेपनी म्हणून टांगलेले चाक उद्या जमिनीवर असते आणि जमिनीवरचे स्टेपनीच्या जागी. एकदा असे झाले की अठरा इंची चाके लावून फिरताना ज्या क्रमांकाची नक्कल एका चाकात आहे, त्याच क्रमांकाचा मूळ सेन्सर मागे स्टेपनीत बसलेला असेल. एका क्रमांकाचे दोन आवाज गाडीला ऐकू येतील. न फिरणारा सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो हे खरे, पण तो पूर्ण मुका नसतो, आणि त्याने मधूनच पाठवलेला चांगला दाब जर पंक्चर झालेल्या चाकाच्या नावावर पडद्यावर आला, तर यंत्रणा असून नसल्यासारखी. नक्कल करायचीच असेल, तर उतरवलेला संच गाडीपासून दूर ठेवता येतो अशा ठिकाणीच करावी, आणि कोणत्या चाकात कोणता क्रमांक आहे हे रिमच्या आत खडूने नव्हे, वहीत लिहून ठेवावे.

त्याऐवजी नवे क्रमांक घेऊन गाडीला ते शिकवावेत. हे शिकवणे गाडीगणिक वेगळे असते. काही गाड्या नव्या चाकांवर ठराविक वेळ चालवल्या की क्रमांक स्वतःच टिपतात. काहींत मेनूतून किंवा बटण दाबून शिकण्याच्या अवस्थेत नेऊन, पुढच्या डाव्या चाकापासून ठराविक क्रमाने प्रत्येक सेन्सर यंत्राने जागा करावा लागतो. तिसऱ्या प्रकारात क्रमांक निदान पोर्टमधून थेट गाडीच्या संगणकात लिहितात. काही गाड्यांच्या स्मृतीत दोन संचांची सोय मुळातच असते आणि मेनूतून पहिला की दुसरा एवढेच निवडायचे असते. तुमच्या पुस्तिकेत याचा उल्लेख आहे का ते आधी शोधा, कारण असेल तर ही सगळी चर्चा तुमच्यापुरती निरर्थक ठरते. तिसरा प्रकार निघाला आणि संच वारंवार बदलायचे असतील, तर जागे करण्याचे आणि क्रमांक लिहिण्याचे छोटे यंत्र स्वतःकडे असणे दर वेळी दुकानात जाण्यापेक्षा परवडते.

शिकवून झाल्यावर दुकानातून निघण्याआधी एक पडताळणी अवश्य करून घ्या. पुढच्या डाव्या टायरमधली थोडी हवा सोडा, तीन-चार पीएसआय पुरे, आणि थोडे अंतर चालवून पडद्यावर नेमका पुढचा डावाच आकडा उतरला का ते पाहा. मग मागच्या उजव्याबाबत तसेच करा. आकडे चारही दिसतात पण जागा चुकलेल्या असतात, हे माझ्या पाहण्यात सर्रास येते. भर प्रवासात गाडी मागचे चाक दाखवते आणि पंक्चर असते पुढे.

टायर चढवणाऱ्याला सेन्सर असल्याचे काम सुरू होण्याआधीच सांगावे. बीड मोडणारा फावड्यासारखा हात व्हॉल्व्हपासून लांब, शक्यतो समोरच्या बाजूला लागला पाहिजे, आणि टायर चढवताना बीडचा शेवटचा घट्ट भाग सेन्सरवर येणार नाही अशा बेताने रिम फिरवायला हवा. पंक्चर भरण्यासाठी बाटलीतले द्रव ओतण्याची सवय असेल तर तीही सोडावी, कारण चिकट द्रवाने सेन्सरचे बारीक छिद्र बुजते.

हवापाणी

पान्हेवाला यांच्याशी मी सहमत आहे. मात्र क्रमांक जुळले, आकडे दिसले आणि दिवा विझला की काम झाले, असा या धाग्याचा रोख होऊ लागला आहे, तो मला थोडा थांबवावासा वाटतो. सेन्सर फक्त दाब मोजतो. किती दाब कमी मानायचा हे गाडीच्या संगणकात आधीच ठरलेले असते, आणि ते ठरले आहे मूळ टायरांसाठी. अमेरिकेच्या नियमानुसार दारावरच्या पट्टीतील दाबापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर दिवा लागलाच पाहिजे. युरोपच्या नियमात ही मर्यादा २० टक्क्यांच्या जवळपास आहे. नवे टायर काय मागतात हे त्या संगणकाला ठाऊक नसते.

तुमच्या अठरा इंची संचात यामुळे अडचण येणार नाही, कारण १०८ एक्सएल आणि १०९ एक्सएल यांची भार पेलण्याची पद्धत एकच आहे आणि पट्टीवरचा दाब तसाच चालेल. मला काळजी वाटते ती जाड नक्षीच्या दुसऱ्या संचाची. त्या प्रकारचे टायर अनेकदा हलक्या ट्रकांच्या श्रेणीतले असतात आणि त्यांच्या मापाआधी एलटी ही अक्षरे असतात. असा टायर तेवढाच भार पेलायला मूळ टायरपेक्षा जास्त दाब मागतो. समजा पट्टीवर ३३ पीएसआय आहे आणि एलटी टायरला त्याच भारासाठी ४२ लागतात. गाडी २५ च्या आसपास येईपर्यंत गप्प राहील. म्हणजे टायर आपल्या गरजेच्या ४० टक्के खाली गेलेला, भिंती तापलेल्या, गाडी सामानाने भरलेली, आणि डॅशबोर्ड निर्धास्त. उलट ३३ च भरून निघालात, तर सुरुवातीपासूनच हवा कमी. यंत्रणा अशा वेळी खोटे बोलत नाही, पण तिला विचारलेला प्रश्नच जुना असतो.

त्यामुळे दुसऱ्या संचासाठी शक्य असेल तर एलटी नसलेला, साध्या मापाचाच जाड नक्षीचा टायर घ्यावा. एलटीच हवा असेल तर टायर बनवणाऱ्याच्या भार आणि दाबाच्या तक्त्यातून आवश्यक दाब काढावा, तो एका चिठ्ठीवर लिहून दाराच्या पट्टीशेजारी चिकटवावा, आणि काही गाड्यांत इशाऱ्याची मर्यादा निदान यंत्राने बदलता येते, तशी तुमच्या गाडीत येते का हे विचारावे. ती बदलता येत नसेल तर पडद्यावरचे आकडे रोज स्वतः वाचण्यावाचून गत्यंतर नाही. सुदैवाने तुमच्या गाडीत आकडे दिसतात. नुसता दिवा असलेल्यांना तेवढाही आधार नसतो.

हवा नेहमी टायर थंड असताना भरावी. दहा अंश सेल्सिअसने तापमान उतरले की साधारण दीड पीएसआय कमी दिसतो, तेव्हा दुपारी गरम टायरांत मोजून भरलेली हवा पहाटे कमी निघाली तर सेन्सरला दोष देऊ नये.

त्रिज्या

तिसऱ्या टायरवाल्याच्या सल्ल्याला कोणी उत्तर दिले नाही म्हणून लिहितो. साधे रबरी व्हॉल्व्ह लावून गाडी चालते, यात शंका नाही. पण दिवा कायम लागलेला असला की खरोखर हवा गेल्यावर वेगळे काही लागत नाही. ज्या देशांत ही यंत्रणा सक्तीची आहे, जसे अमेरिकेत सप्टेंबर २००७ पासूनच्या आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासूनच्या नव्या मोटारींत, तिथे ती मुद्दाम निकामी करण्याने कायद्याची आणि वाहन तपासणीचीही अडचण येऊ शकते.

याहून चमत्कारिक युक्ती म्हणजे चारही सेन्सर एका बंद प्लास्टिकच्या नळीत घालायचे, नळीत हवा भरायची आणि ती गाडीत सीटखाली ठेवायची. गाडी समाधानी राहते, दिवा विझतो, आणि चारही टायर सपाट झाले तरी पडद्यावर ३३-३३ दिसत राहतात. दिवा लागलेला असणे याहून परवडले, कारण निदान तो खोटी ग्वाही तरी देत नाही.

सुकाणू

सतरा इंची संचासाठी एलटी नसलेला टायर घ्यायचे ठरवले आहे. पुस्तिकेत दोन संचांची सोय दिसत नाही. गाडी चालवून क्रमांक आपोआप टिपते असे लिहिले आहे, त्यामुळे नक्कल न करता नवे क्रमांकच घेतो. शेवटचे विचारतो: चाके बसवून निघाल्यावर पहिल्या फेरीत दिवा लागला, तर गाडी अजून शिकते आहे की काही चुकले आहे, हे कसे ओळखावे?

पान्हेवाला

दिवा कसा लागतो त्यावरून. इग्निशन सुरू केल्यावर तो साधारण एक ते दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणेला एखादा सेन्सर सापडत नाही असा त्याचा अर्थ आहे. पहिल्या फेरीत हे स्वाभाविक आहे. न लुकलुकता सरळ स्थिर लागला, तर सेन्सर बोलत आहेत आणि कुठेतरी हवाच कमी आहे. तेव्हा आधी थांबून गेजने मोजा. पुस्तिकेत सांगितलेला वेळ आणि वेग पाळून गाडी चालवल्यावरही लुकलुकणे थांबले नाही, तर ज्या चाकाच्या जागी आकड्याऐवजी रेघा दिसतात, तिथला सेन्सर यंत्राने वाचून घ्या. यंत्राला तो सापडला आणि गाडीला सापडत नाही, तर भरलेला प्रोग्रॅम किंवा वारंवारता चुकली आहे; यंत्रालाही सापडला नाही, तर टायर उतरवण्याला पर्याय नाही.

दुकानात परत जाणे झालेच, तर त्याच वेळी नटही टॉर्क रेंचने पाहून घ्या. नवी अलॉय चाके पहिल्या पन्नास ते शंभर किलोमीटरमध्ये किंचित बैठक घेतात, म्हणून पुस्तिकेतल्या टॉर्कला, एकाआड एक अशा क्रमाने, ते पुन्हा तपासावे लागतात. दिवा लागला नाही तरीही तेवढ्यासाठी जावेच.